मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाची वेदना

लहान मुलांना वेदना फारशी जाणवत नाही, असा समज एके काळी वैद्यकशास्त्रातही रूढ होता. नवजात अर्भकांवरील शस्त्रक्रिया कित्येकदा अपुऱ्या भुलीखाली होत असत. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद व त्यांचे सहकारी यांनी या समजाला जबर धक्का दिला. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना शस्त्रक्रियेच्या वेळी प्रभावी वेदनाशामक दिल्यास त्यांच्या शरीरावर कमी ताण पडतो व पुढील गुंतागुंतही घटते, हे त्यांनी १९८७ साली दाखवून दिले.

मेंदूसंबंधीही असाच एक गैरसमज आढळतो. प्रत्यक्ष मेंदूला वेदना कळत नाही, हे खरे. परंतु तेथवर पोचावयाचे तर डोक्याची त्वचा, स्नायू व मेंदूवरील जाड आवरण छेदावे लागते, आणि या सर्वांना वेदना कळते. म्हणूनच पहिले दोन-तीन दिवस विशेष कष्टाचे असतात.

येथे डॉक्टरांपुढे पेच असतो. तीव्र औषधांनी गुंगी येते, आणि मुलाची सावधता हीच तर मेंदूच्या प्रकृतीची मुख्य खूण होय. यास्तव पॅरासिटामॉल वजनाच्या प्रमाणात व ठराविक वेळी देतात; जखमेभोवती बधिरतेचे इंजेक्शन देतात; आणि मॉर्फिनसारखे औषध लागल्यास ते बेताने, सतत देखरेखीखाली देतात. कोडीन व ट्रॅमाडॉल ही औषधे १२ वर्षांखालील मुलांना वेदनेसाठी देऊ नयेत, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली बजावले. तेव्हा मोठ्यांसाठी आणलेली गोळी अर्धी करून मुलास देणे कटाक्षाने टाळावे. ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेनही डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये.

वेदना मोजता येते काय? होय. समजत्या मुलास हसऱ्यापासून रडव्यापर्यंतच्या चेहऱ्यांची चित्रे दाखवून आपला चेहरा निवडावयास सांगतात. बोलू न शकणाऱ्या बालकाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे व समजूत पटणे या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देतात. गुणांची बेरीज जितकी दहाकडे झुकेल, तितकी वेदना अधिक. इंजेक्शनच्या भीतीने मूल 'दुखत नाही' असेही म्हणते. म्हणून त्याच्या शब्दांबरोबर त्याची मुद्राही पाहावी.

मूल घरी आल्यावर शांतता राखावी. लखनौच्या अलीगंजमध्ये ज्येष्ठ महिन्यातील मंगळवारी हनुमान मंदिराला लोटणारी गर्दी व तिचा गलबला ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना गोंगाटाचा त्रास सांगावयास नको. अशा वेळी मुलास रस्त्यापासून दूरच्या, मंद उजेडाच्या खोलीत ठेवावे, गोष्ट सांगावी, हात हाती घ्यावा. औषधाची वेळ वहीत टिपून ठेवावी. वेदना असह्य होईपर्यंत थांबू नये.

परंतु प्रत्येक डोकेदुखी जखमेचीच समजू नये. ती वाढतच जात असेल, वारंवार उलट्या होत असतील, मूल नीट जागे होत नसेल, झटके, ताप वा मान ताठरणे दिसले, किंवा जखमेतून पाणी झिरपू लागले, तर आणखी औषध देत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. वेदना शमविणे हे जसे आईबापांचे कर्तव्य, तसेच तिने दिलेला इशारा ओळखणे हेही होय.