दूध-अंडी सोडताय? मग ताटात काय वाढणार?

कुणी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून ठरवतं, कुणी प्राण्यांवरच्या प्रेमापोटी, तर कुणाला दूध पचतच नाही. कारण काहीही असो, घरात एकदा 'उद्यापासून मी व्हीगन' असं जाहीर झालं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला: "मग खाणार काय?" हा प्रश्न चेष्टेवारी नेऊ नका. सोडायच्या पदार्थांची यादी दोन मिनिटांत होते. त्यांच्या जागी काय येणार, यावर पुढची तब्येत ठरते.

वडापाव, फरसाण, तेलातली साबुदाणा खिचडी आणि कोल्ड्रिंक हेही वनस्पतीजन्यच आहेत बरं का! पाकिटावर 'व्हीगन' लिहिलंय म्हणजे पदार्थ पौष्टिक झाला असं नाही. आपल्याकडे 2022 पासून व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे वेगळे नियम आणि हिरवा 'व्ही' लोगो आहे. तो लोगो फक्त एवढंच सांगतो की आत प्राणिजन्य काही नाही. मीठ, साखर, तेल किती आहे ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वाचावं लागतं. महागड्या नकली चिकन-नगेट्सपेक्षा मला तरी पिठलं-भाकरी बरी वाटते.

आणि पिठलंच का? मटकीची उसळ, वालाचं बिरडं, चवळीची आमटी, कुळथाचं पिठलं, भाजणीचं थालीपीठ, यांत दुधाचा थेंबही नसतो. तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला किंवा बेंगळुरूला, कडधान्यं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतातच. अडचण असते ती प्रमाणाची.

जरा हिशेब करू. आयसीएमआर-एनआयएनच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे वजन 60 किलो असेल तर 50 ग्रॅम. आता आपल्या रोजच्या पातळ वरणाची वाटी घ्या. तिच्यात जेमतेम 20 ग्रॅम डाळ असते, म्हणजे प्रथिनं चार-साडेचार ग्रॅम. भात भरपूर आणि वर वरणाचा शिडकावा, अशा जेवणातून दुधाची उणीव भरून निघत नाही. त्याऐवजी दिवसभरात 100 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकऱ्या (सुमारे 10 ग्रॅम), 50 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (10-11), घट्ट आमटी (7), मूठभर शेंगदाणे (7) आणि 25 ग्रॅम सोया चंक्स (12) असं बसवलं, नाश्त्याला पोहे-उपमा धरला, की गणित जमतं. प्रोटीन पावडरच्या डब्याशिवाय जमतं, हे मुद्दाम सांगते.

कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ हाताशी ठेवा. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तिळात त्याच्या कितीतरी पट. शेवग्याचा पालाही उत्तम. पालकावर मात्र फार विसंबू नका, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. उसळीवर लिंबू पिळायला विसरू नका, 'सी' जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं.

बी-12 कुठून आणणार?

इथे मात्र आपलं स्वयंपाकघर कमी पडतं. बी-12 हे जीवनसत्त्व जीवाणू तयार करतात आणि आपल्याला ते नैसर्गिकरीत्या मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून मिळतं. डाळी, भाज्या, फळं यांत ते भरवशाचं नसतं. इडली आंबवलेली असते म्हणून तिच्यातून मिळेल, स्पिरुलिनाच्या गोळ्यांतून मिळेल, असं ऐकाल. त्यावर विसंबून राहू नका.

फसगत होते ती अशी: यकृतात बी-12चा साठा असतो, त्यामुळे दूध सोडल्यावर बरेच महिने, कधी काही वर्षं, काहीच जाणवत नाही. मग थकवा येतो, जीभ झोंबते, हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं. फार उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. शाकाहारी घरांत बी-12 आधीच कमी असणं आपल्याकडे सर्रास आढळतं, म्हणून बदल करण्याआधीच रक्ततपासणी करून घ्या. गोळी कोणती आणि किती, ते डॉक्टरांना विचारा, पण ती टाळू नका.

घरात कुणी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असेल तर जास्तच जपा. या औषधानेही बी-12 कमी होऊ शकतं. आजोबांच्या पायांना मुंग्या येतात त्या 'शुगरमुळेच' असं सगळे धरून चालतात आणि तपासणी राहून जाते. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांच्या बाबतीत तर डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय दूध बंद करूच नका.

आणि चहा?

खरी परीक्षा इथेच! बदामाच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, प्रथिनं नावालाच. नारळाच्या दुधाची सोलकढी ताकाची हौस भागवते, प्रथिनांची गरज नाही. प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाजवळ जातं ते सोया दूध. बिनसाखरेचं आणि कॅल्शियम घातलेलं बघून घ्या. उकळत्या चहात ओतलंत तर ते फाटतं. चहा गाळून मिनिटभर थांबा आणि मग कोमट केलेलं दूध घाला. आणि हा चहा जेवणाला लागून नको, तासभर अंतर ठेवून घ्या, नाहीतर उसळीतलं लोह अंगी लागणार नाही.