चिखल्या : पावसाळ्यात पायांची राखण

पळस्पे परिसरात लावणीचे दिवस म्हणजे पाय तासन्‌तास खाचरातल्या चिखलात. फाट्यावर काम करणाऱ्यांचे पाय दिवसभर ओल्या बुटांत. दोघांचं दुखणं एकच : चिखल्या.

ओळख : सुरुवात बहुधा करंगळीच्या बेचकीत होते. कातडी पांढरी, भिजल्या कागदासारखी होते, सोलते, खाज आणि आग सुटते.

कारण : सततचा ओलावा आणि त्यात वाढणारी बुरशी, कधी जोडीला जिवाणूही.

उपचार : क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिनचं मलम डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावा. खाज थांबली म्हणून मध्येच सोडल्यास दुखणं उलटतं. स्टेरॉइड मिसळलेलं मलम परस्पर आणू नका. खाज दबते, बुरशी पसरते. अशी अनेक मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे.

रोजची सवय : घरी आल्यावर पाय धुवा, प्रत्येक बेचकी सुती फडक्यानं टिपा. मोजे रोज बदला, बूट आलटूनपालटून वापरा. कोकमतेल टाचेच्या भेगांसाठी चांगलं. बोटांच्या बेचकीत मात्र तेल नको.

थांबू नका : मधुमेह असेल, पाय सुजून लाल झाला, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. चट्टा किंवा तळवा बधिर वाटला, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत आणि आजार पूर्ण बरा होतो.

वर्षभर आपल्याला पोसणाऱ्या पायांना रोज पाच मिनिटं द्याच.