नुसतं उभं राहायचं? त्यात काय!

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र आहे. या रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली १७६८ साली, म्हणजे माधवराव पेशव्यांच्या काळात! कोल्हापूर, सातारा, सांगलीकडची कितीतरी पोरं आजही भरती झाली की इथेच येऊन दाखल होतात. मैदानावर सोळाशे मीटर धावून निवडलेली, एकदम तगडी पोरं. त्यांना वाटतं, आता हातात रायफल येणार. आणि उस्ताद (प्रशिक्षकाला फौजेत हेच म्हणतात) सुरुवातीला काय शिकवतात? उभं राहायला!

'सावधान!' टाचा जुळलेल्या, मुठी बंद, छाती पुढे, नजर समोर. नाकावर माशी बसली तरी हात हलवायचा नाही. तुम्ही म्हणाल, यात काय कठीण? पण मैलभर धावून न दमलेला गडी कधी कधी परेडमध्ये नुसता उभा असताना धाडकन कोसळतो.

असं का होतं? आपण उभे राहिलो की साधारण अर्धा लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. ते वर आणणं एकट्या हृदयाला जड जातं. त्याच्या मदतीला असतात आपल्या पोटऱ्या. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं, टूथपेस्टची नळी खालून दाबावी तसं. शिरांमध्ये जागोजागी झडपा असतात, त्यामुळे वर गेलेलं रक्त परत खाली घसरत नाही. आता सावधानमध्ये पोटऱ्या गप्प, म्हणजे हा पंप बंद! त्यात ऊन असेल तर शरीर थंड करायला बरंच रक्त कातडीकडे धावतं, घामातून पाणीही जातं. मग मेंदूला रक्त कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि गडी आडवा.

गंमत बघा, आडवं होणं हाच त्यावरचा इलाज! डोकं आणि हृदय एका पातळीत आलं की मेंदूला पुन्हा रक्त मिळतं. म्हणून अशा माणसाला घाईघाईने उठवून बसवायचं नसतं. झोपलेलंच ठेवून पाय जरा उंच करायचे. आणि मुळात पडूच नये म्हणून? बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहायची, पोटऱ्या हळूच आवळायच्या. बाहेरून पुतळा, आतून पंप चालू. उस्तादांनाही दिसत नाही!

बाकी दिवस धावपळीचा. उजाडायच्या आत उठणं, दाढी, बुटांना पॉलिश, पीटी, लंगरमधलं (म्हणजे फौजी स्वयंपाकघरातलं) जेवण, हत्यारांचे तास, संध्याकाळी खेळ, रात्री हजेरी. पण मला विचाराल तर या सगळ्यात सर्वांत जास्त काम करतात ती पावलं.

१८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या, प्रशिया या जर्मन राज्याच्या लष्करी डॉक्टरांनी नव्या सैनिकांचं एक विचित्र दुखणं लिहून ठेवलं. फार चाल झाली की पाऊल सुजायचं, ठणकायचं. पण मार लागलेला नसायचा. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. मग पावलांची चित्रं काढल्यावर कळलं, अरेच्चा, पावलातलं लांब हाडच चिरलंय!

हाड म्हणजे काही दगड नव्हे. ते जिवंत असतं. जास्त भार पडू लागला की शरीर त्याची दुरुस्ती काढतं. आधी काही पेशी जुनं हाड पोखरून काढतात, नंतर दुसऱ्या पेशी तिथे नवं बांधतात. पोखरणं काही आठवड्यांत उरकतं, बांधायला मात्र महिने लागतात. मधल्या काळात हाड उलट कच्चं असतं! त्या वेळी अंतर एकदम वाढवलं तर चीर पडते. म्हणून शहाणा उस्ताद धावणं आणि पाठीवरचं ओझं बेताबेताने वाढवतो.

आता शेकडो पावलं एकदम पडली तर? 'तेज चल'मध्ये, म्हणजे कवायतीच्या झपझप चालीत, मिनिटाला साधारण १२० पावलं पडतात, म्हणजे सेकंदाला दोन. १२ एप्रिल १८३१ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन इथल्या झुलत्या पुलावरून ७४ सैनिक चालले होते. पावलांच्या तालावर पूल हलायला लागला. त्यांना मौज वाटली, ते शिट्टीवर कवायतीचं गाणं वाजवू लागले आणि आणखी जोरात पावलं आपटू लागले. पूल कोसळला! नशिबाने कुणी मेलं नाही.

झोपाळ्याला नेमक्या वेळी हलके हलके धक्के दिले की तो उंच जातो ना? तसंच इथे झालं. पुलाची हलण्याची स्वतःची एक लय असते, पावलांची लय तिच्याशी जुळली. एक बोल्ट आधीच कच्चा होता, असंही तपासात निघालं. म्हणजे सगळा दोष पावलांचा नव्हे. पण तेव्हापासून ब्रिटिश फौजेत हुकूम निघाला : पुलावर ताल मोडून चाला.

आता विचार करा, महिनोन्‌महिने ताल घोटून घेतलेल्या रंगरुटाला (म्हणजे नव्या सैनिकाला) हे किती अवघड जात असेल! शेजारच्याचं पाऊल पडलं की आपलंही तसंच पडू पाहतं. खरं वाटत नाही? उद्या शाळेत जाताना मैत्रिणीच्या अगदी बरोबरीने चाला आणि दोघींची पावलं मुद्दाम वेगवेगळी पाडा. कोपऱ्यापर्यंत जमलं, तर आम्हाला कळवा.