निवड कोणाची आणि कोठे?

आपल्या पाल्याची शाळा आपणच निवडावी, हा पालकांचा अधिकार आता बहुतेकांना मान्य होऊ लागला आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या परंतु स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या 'चार्टर' शाळांना अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९१ साली कायद्याने वाट करून दिली. आपल्याकडे या तत्त्वाच्या सर्वांत जवळ जाते ते २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम. खासगी शाळांतील किमान २५ टक्के प्रवेश त्याने दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना विनामूल्य खुले केले.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने या कलमालाच बगल दिली. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेवर ही जबाबदारी राहणार नव्हती. जवळ सरकारी शाळा आहे, मग गरिबाला निवड हवी कशाला, असा हा अजब न्याय! मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती रद्द केली व पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तीत हस्तक्षेप करण्याचे नाकारले, हे योग्यच झाले.

परंतु न्यायालयांनी राखलेला हा हक्क गणेशपुरीच्या परिसरात कितपत पोचतो? तेथील उष्ण कुंडांकडे जाताना आमच्या वाचकांनी भिवंडी तालुक्यातील वीटभट्ट्या पाहिल्या असतील. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन आलेली आदिवासी कुटुंबे पावसाळा तोंडावर येईपर्यंत तेथेच राबतात. प्रवेशाचे अर्ज सामान्यतः याच हंगामात, तेही संगणकावर, भरावयाचे. दाखले हवेत, नकाशावर घर दाखवावयास हवे. भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीत, म्हणजे भोंग्यात, राहणाऱ्या बापाने कोणते घर दाखवावे?

गणेशपुरीहून फारसे दूर नसलेल्या उसगावच्या विधायक संसद या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात मुलांपाशी शाळाच नेली. त्या झोपड्यांवरून तिला 'भोंगाशाळा' असे नाव पडले. चार्टर शाळांचे पुरस्कर्ते ज्या स्वायत्ततेची थोरवी गातात, तिचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

अशा हंगामी शाळा चालविण्यास जी संस्था पुढे येईल तिला शासनाने पुरेसा खर्च द्यावा, आणि प्रवेशाचे अर्ज शिक्षण विभागाच्या माणसांनी भट्टीवर जाऊन भरून घ्यावेत, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. मात्र एवढ्यावरून गावच्या जिल्हा परिषद शाळेकडे पाठ फिरविता येणार नाही. दहापेक्षा कमी पटाच्या शेकडो शाळा बंद करण्याचे २०१७ साली ठरले होते. भट्टीवरून जूनमध्ये परतणाऱ्या मुलाला आपल्या पाड्याजवळची शाळा उघडी सापडली पाहिजे. तिचा पट मोजावयाचा तर तो त्या वेळी मोजावा.