बिनडोक म्हणावे का याला?

घरातली पाल आपण रोज पाहतो. मांजराने झडप घातली, की ती शेपटी टाकून पळते. शेपटी तिथेच वळवळत राहते. मांजर तिच्याशी खेळत बसते, तोवर पाल आढ्यावर पोचलेली असते. पुढे तिला नवी शेपटी फुटते.

समुद्रात एक प्राणी आहे, तो या कामात पालीच्याही वरताण आहे. त्याला पाच हात असतात. माशाने किंवा खेकड्याने हात धरला, की तो हातच सोडून देतो आणि उरलेल्या चार हातांवर निघून जातो! पुस्तकात त्याला भंगुरतारा म्हणतात. भंगुर म्हणजे चटकन मोडणारा. आणि वरून पाहिले तर तो चांदणीसारखा दिसतो, म्हणून तारा.

जगात याच्या २,००० हून अधिक जाती आहेत. आपल्या कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीच्या वेळी दगडाखाली याचे भाऊबंद सापडतात. पण आम्ही सांगणार आहोत ते कॅरिबियन समुद्रातल्या एका जातीविषयी. वेस्ट इंडीजचे क्रिकेटवाले तुम्ही ऐकून असाल. त्यांची बेटे आहेत, तोच हा समुद्र. तिथे पोवळ्यांच्या खडकांत हा काळपट रंगाचा भंगुरतारा राहतो. त्याचे अंग साधारण रुपयाच्या नाण्याएवढे, गोल आणि चपटे. हात मात्र अंगाच्या चार-पाचपट लांब, आणि त्यांवर बोथट काटे. दिवसा तो कपारीत दडून असतो. रात्री हात बाहेर काढून खाणे शोधतो. बारीक जीव, शेवाळ, मेलेले-कुजलेले, जे मिळेल ते त्याला चालते.

आता अंग उलटे करून पाहू. मधोमध तोंड आहे. तोंडात पाच जबडे. आत पोट. पण मागची वाट नाही! खाल्लेले ज्या वाटेने आत जाते, त्याच वाटेने घाण बाहेर येते. आणि डोके? डोके नाहीच. मग मेंदू कुठला! तोंडाभोवती मज्जेचे एक कडे असते. त्या कड्यातून प्रत्येक हातात एक दोरी गेलेली असते. बस, एवढाच काय तो कारभार.

हात तुटतो कसा, ते ऐकण्यासारखे आहे. हाताच्या आत चुनखडीच्या लहान लहान चकत्या असतात, एकापुढे एक, साखळीच्या कड्यांसारख्या. त्या एकमेकींना चिवट बंधांनी बांधलेल्या असतात. एरवी बंध घट्ट असतात. शत्रूने हात पकडला, की त्या जागचे बंध एकदम मऊ पडतात आणि सांधा सुटतो. म्हणजे हात तुटतो असे नव्हे, तो सोडला जातो. मात्र हे फुकट होत नाही बरे! नवा हात वाढायला कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. तोवर खाल्ल्या अन्नातला वाटा त्या हाताकडे जातो. आणि तुटलेल्या हाताचा काही नवा प्राणी होत नाही. तो थोडा वेळ वळवळतो आणि मरतो.

युरोपजवळच्या उत्तर समुद्रात याचा एक भाऊबंद चिखलात पुरून राहतो. फक्त हातांची टोके वर काढतो. तिथले चपटे मासे येतात आणि ही टोके कुरतडून खातात. खाली प्राणी जिवंतच असतो. टोके पुन्हा वाढतात, मासे पुन्हा खातात. लसूणघास कापावा आणि पुन्हा फुटावा, तसेच हे!

डोके नाही, तर पुढे कोणते आणि मागे कोणते? हा प्रश्न अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या हेन्री ॲस्टली यांनाही पडला. त्यांनी बेलिझ देशाच्या किनाऱ्यावर या काळ्या भंगुरताऱ्याची चाल टिपली आणि २०१२ साली प्रसिद्ध केली. त्यांना दिसले ते असे. चालताना एक हात पुढारी होतो. त्याच्या दोन बाजूंचे दोन हात होडीच्या वल्ह्यांसारखे पाणी नव्हे, जमीन मागे रेटतात. उरलेले दोन मागून येतात. आता वळायचे झाले तर? आपण अंग वळवतो, बैलगाडी वळवायला तर केवढी जागा लागते! हा वळतच नाही. दुसरा हात पुढारी होतो, पहिला मुकाट्याने वल्हे होतो, आणि स्वारी नव्या दिशेला चालू लागते. गावात पुढारीपण इतक्या सहज सोडलेले आम्ही तरी पाहिले नाही!

पण खरी गंमत पुढेच आहे. ज्याला मेंदू नाही, तो काही शिकू शकेल का? आम्हांला कोणी विचारले असते, तर आम्ही नाही म्हटले असते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी ते करूनच पाहिले. त्यांनी याच जातीचे १६ भंगुरतारे घेतले आणि प्रत्येकाला पाण्याच्या वेगळ्या टाकीत ठेवले. त्यांतल्या आठांना दर वेळी दिवे मंद करून कोळंबी दिली. बाकीच्या आठांनाही तेवढीच कोळंबी मिळाली, तेवढाच अंधारही मिळाला. पण दोन्ही एका वेळी कधीच नाही.

हे दुसरे आठ कशाला, असे तुम्ही विचाराल. हा प्राणी रात्रीचा हिंडणारा. अंधार पडला म्हणूनच तो बाहेर आला असेल, अशी शंका कोणीही काढील. दोन्ही गट शेजारी ठेवले, की ती शंका फिटते.

सुरुवातीला सगळेच आडोशाला बसून राहत. कोळंबी आली की मगच बाहेर येत. असे दहा महिने चालले. हळूहळू पहिल्या आठांची रीत बदलली. दिवे मंद झाले, की कोळंबी टाकीत पडायच्या आधीच ते आडोशातून बाहेर येऊ लागले. गोठ्यात पेंडीच्या पाटीचा आवाज झाला, की म्हैस मान वर करते ना, तसे! दुसरे आठ मात्र अंधारातही जागचे हलले नाहीत. हे सारे २०२३ साली छापून आले.

मध्यंतरी हा क्रम थांबवूनही पाहिला, एकदा तर तेरा दिवस. नंतर पुन्हा दिवे मंद केले. शिकलेले भंगुरतारे कोळंबीची वाट पाहत बाहेर आले.