सांधे धरणारा ताप : चिकुनगुन्या आणि आपले पाणी

पावसाळा ओसरू लागला की रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तापाच्या रुग्णांची रांग वाढते. त्यांपैकी काहींचे निदान तपासणीपूर्वीच त्यांच्या चालीवरून सुचते. घोटे, गुडघे, मनगटे धरलेली, कंबर वाकलेली, पायरी चढताना भिंतीचा आधार. टांझानियातील माकोंदे भाषेत 'चिकुनगुन्या' या शब्दाचा अर्थ नेमका हाच आहे : वाकवून टाकणारा. 1952 साली तेथे प्रथम नोंद झालेल्या या रोगाचा कोंबडीशी काहीही संबंध नाही. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण 2006 साली फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आढळला आणि त्याच वर्षी चिकुनगुन्याची साथ पसरली. दोन्हींची लोकांच्या मनात गल्लत झाली.

महाराष्ट्राला हा रोग नवा नव्हता. 1963 साली कोलकाता, 1964 साली मद्रास आणि 1973 साली आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याच्या मोठ्या साथी येऊन गेल्या. त्यानंतर सुमारे तीन दशके तो जणू नाहीसा झाला. एकदा हा आजार झालेल्या व्यक्तीला दीर्घकाळ प्रतिकारशक्ती मिळते. परंतु मधल्या काळात जन्मलेल्या पिढीला ती नव्हती. 2005 च्या अखेरीस आंध्र प्रदेश, कर्नाटक व महाराष्ट्रात साथ उसळली, तेव्हा घरेच्या घरे अंथरुणाला खिळली. 2006 या एका वर्षात देशात सुमारे 13 लाख 90 हजार संशयित रुग्णांची नोंद झाली, त्यांत महाराष्ट्रातील अडीच लाखांहून अधिक होते. 2024 सालीही पुणे व नागपूर येथे रुग्णांची संख्या लक्षणीय वाढली होती.

रोगाचा विषाणू वाहणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ, साठवलेले पाणी लागते आणि तो दिवसा चावतो. येथेच जालन्याचा प्रश्न सुरू होतो. कुंडलिकेच्या अलीकडे जुना जालना असो वा पलीकडे नवा, या शहराने पाण्याची टंचाई वर्षानुवर्षे सोसली आहे. 2013 च्या दुष्काळात तर टँकरवर दिवस काढले. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणार असेल, तर गृहिणी रांजण, पिंप, हौद, जे मिळेल ते भरून ठेवणारच. अंड्यापासून डास होण्यासही साधारण तितकेच दिवस लागतात. म्हणजे पाण्याची एक पाळी, डासांची एक पिढी. अशा ठिकाणी 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' हा उपदेश करणे सोपे, पण भरलेले पिंप ओतून द्या असे कोणत्या तोंडाने सांगावे? त्याऐवजी साठवणीचे प्रत्येक भांडे घट्ट विणीच्या कापडाने बांधावे आणि नळ येण्याच्या दिवशी, नवे पाणी भरण्यापूर्वी, त्याच्या आतील कडा घासून काढाव्यात. घासणे महत्त्वाचे, कारण अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याला चिकटलेली असतात व कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. धूरफवारणीने फक्त उडते डास मरतात, रांजणातील अळ्या नव्हे. ती दिसते मात्र ठळकपणे, म्हणून तिची मागणी अधिक होते.

या विषाणूवर मारक औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी व पॅरासिटामॉल एवढ्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात. मृत्यू क्वचित होतात. मात्र वृद्ध, मधुमेही आणि प्रसूतीच्या सुमारास ताप आलेल्या मातांची नवजात बालके यांना धोका अधिक असतो. खरे हाल सांधेदुखीचे. ती कित्येकांना महिनोन् महिने छळते आणि हातावर पोट असलेल्या मजुराचा रोज बुडतो. मग लवकर कामावर जाण्यासाठी तो 'ताकदीचे इंजेक्शन' मागतो. त्यात अनेकदा स्टिरॉइड असते. आजाराच्या सुरुवातीला ते घातक ठरू शकते. डेंग्यू हाच डास पसरवतो व सुरुवातीची लक्षणेही सारखीच असतात. त्यामुळे डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे घेऊ नयेत, रक्तस्रावाची भीती असते.

आमच्या देणगीदारांना एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. साथीच्या दिवसांत खाटांइतकीच गरज तपासणीच्या साहित्याची असते. प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत नकारात्मक येऊ शकते. तेव्हा ती पुन्हा करावी लागते आणि दुसऱ्यांदा पैसे देणे गरीब कुटुंबाला जड जाते. या खर्चावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही, त्यामुळे तो बहुधा मागे पडतो.

नातेवाइकांसाठी एवढेच : तापाच्या पहिल्या आठवड्यात विषाणू रुग्णाच्या रक्तात असतो आणि त्याला चावलेला डास पुढे घरातील इतरांना आजार देतो. म्हणून त्या दिवसांत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीतच झोपवावे.