गळणारे शिंग आणि न गळणारे शिंग

बालमित्रांनो, आमची शाळा चौथीतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकाशी आणि वाचनालयात. तेव्हा आम्ही काही प्राणिशास्त्राचे पंडित नव्हे. पण मोरिवलीतल्या एका मुलाने आम्हांला विचारले, "काका, सांबराचे शिंग गळले तरी पुन्हा येते, मग गावाकडच्या आमच्या बैलाचे मोडलेले का आले नाही?" त्याचे उत्तर देणे आम्हांला प्राप्त होते.

मराठीत शब्द एकच, शिंग. पण वस्तू दोन आहेत. गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्या शिंगाच्या आत कवटीतून निघालेले हाड असते. त्यावर आपल्या नखांच्याच द्रव्याचे पोकळ म्यान असते. पोळ्याला आपण रंगवतो ते हे म्यान. हे शिंग गळत नाही, त्याला फाटे फुटत नाहीत, आणि आतल्या हाडासकट मुळाशी मोडले की पुन्हा येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० साली ज्याच्यासाठी झाले, तो काळवीट हरणासारखा दिसला तरी बैलाचाच भाऊबंद.

भीमाशंकरच्या रानातील सांबर आणि भेकर यांची गोष्ट निराळी. त्यांचे शिंग म्हणजे निव्वळ हाड, आणि तेही फक्त नराला. वाढताना त्यावर मऊ, केसाळ कातडे असते. त्यातले रक्त हाडाला पोसते. वाढ पुरी झाली की कातडे सुकते आणि नर ते झाडाला घासून काढतो. माजाचा हंगाम सरला की शिंगाच्या बुडाचे हाड विरते, शिंग गळते, आणि काही महिन्यांत नवे येते. गळलेले शिंग साळिंदर कुरतडते. आपण मात्र ते उचलून विकू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. कारण मारलेल्या सांबराचे शिंगही 'गळलेले' म्हणून बाजारात खपवता येते.

सस्तन प्राण्यांत सबंध अवयव असा पुन्हा उगवणे फार दुर्मिळ. म्हणून त्या मुलाचा दुसरा प्रश्न आम्हांला जड गेला. "मग बाबांची बोटे?" ती प्रेसखाली गेली होती.

बाळांनो, माणसाची बोटे बैलाच्या शिंगासारखी. गेली ती गेली. यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा हवा, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितले ते याचसाठी. तो आडोसा जागेवर आहे की नाही, हे मोठेपणी कामाला लागाल तेव्हा आधी पाहा.